व्याधाचं जागरण

मोटारसायकलच्या क्लचची तार मीटरभर लांब असते. वरचं आवरण सोललं की आतून बारीक पोलादी तारांचा पीळ निघतो. जुन्या, तुटक्या तारा कुठल्याही गॅरेजात फुकट मिळतात. एका टोकाला सरकती गाठ मारायची, दुसरं टोक झाडाच्या बुंध्याला बांधायचं आणि गाठीचा गोल चितळाच्या मानेच्या उंचीला, दोन झुडपांच्या मध्ये अडकवून ठेवायचा. एवढ्यावर काम संपतं. विदर्भातल्या जंगलात उन्हाळ्यात वनरक्षकांबरोबर पायदळ गस्तीला गेलं की अशी तार हातात घेऊन बघता येते. वनमजूर पुढे चालतो, काठीनं वाटेच्या दोन्ही बाजूंची झुडपं हलवत. एप्रिल संपता संपता पाणवठे आटतात, तशा पाण्याकडे जाणाऱ्या वाटाही थोड्याच उरतात. कळप कुठून येणार हे मग सगळ्यांना ठाऊक असतं. वाघाला ठाऊक असतं, वनरक्षकाला असतं आणि तार लावणाऱ्यालाही.

चितळाची मान गाठीत गेली की ते मागे सरत नाही. घाबरलेलं जनावर पुढेच धाव घेतं, आणि तारेला तेवढंच हवं असतं. कधी मानेऐवजी पाय अडकतो, कधी कंबर. मग मरायला रात्र जाते, कधी पुढचा दिवसही. वाघांच्या गळ्यातसुद्धा अशा तारा रुतलेल्या सापडल्या आहेत. तार माणूस ओळखत नाही तशी जातही ओळखत नाही.

आणि तार लावणारा या सगळ्या वेळात तिथे नसतो. तो घरी जेवून झोपलेला असतो, किंवा दुसऱ्या गावी कुणाच्या लग्नात पंगतीला बसलेला असतो. कित्येकदा गस्त वाढलेली दिसली की तो परत फिरकतच नाही. ते मांस मग कुणाच्याच पोटात जात नाही.

शिकारीविषयी बोलताना लोक पटकन रक्तावर येतात. मी मांसाहारी घरातला, त्यामुळे रक्त हा माझ्या लेखी पहिला प्रश्न कधीच नव्हता. शनिवारी संध्याकाळी मटणाच्या दुकानापुढे रांगेत उभं राहून हरणासाठी हळहळणाऱ्यांत मीही असतो, आणि त्या हळहळीची किंमत मला माहीत आहे. माझा प्रश्न दुसरा आहे. जीव जातो तेव्हा घेणारा कुठे असतो?

आमच्या कोकणातल्या गावात पारध होती. आजोबांची ठासणीची बंदूक होती, शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची. निवडणूक आली की गावातल्या सगळ्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा व्हायच्या, आणि तेवढे दिवस डुकरांचं राज्य असायचं. ठासणीच्या बंदुकीत दारू भरायची, चिंध्या ठासायच्या, शिसं घालायचं, पुन्हा ठासायचं. एक बार उडाला की दुसरा भरेपर्यंत जनावर डोंगरापलीकडे. रानकरी कुत्री घेऊन एका बाजूनं रान उठवत यायचे आणि बंदूकवाले दुसऱ्या बाजूला बैठका धरून असायचे, तासन् तास, मुंग्या चावल्या तरी न हलता. वाट्यांचे नियम ठरलेले. आधी गावदेवाचं. मग ज्याचा बार लागला त्याचं, मग रान उठवणाऱ्यांचं, आणि कुत्र्याच्या धन्याला कुत्र्याचा म्हणून वेगळा वाटा. पारधीला न गेलेल्या घरीही पानात बांधून थोडं पोचायचं. आजोबा बंदुकीपेक्षा बैठकीविषयी जास्त बोलत. त्यांचा एक नियम पक्का होता. जनावराचं अख्खं अंग दिसल्याशिवाय बार टाकायचा नाही. पान हललं म्हणून टाकलेल्या बारानं माणसं मेलेली आहेत. कोकणात अशा बातम्या अजूनही येतात.

हे सगळं गोड करून सांगण्याचा मोह फार होतो. जुन्या शिकारीच्या आठवणी लिहिणारे बहुतेक सगळे या मोहाला बळी पडलेत, आणि त्यांची पुस्तकं वाचताना आपणही त्यांच्याबरोबर मचाणावर जाऊन बसतो. पण त्याच गावात मोठी बॅटरी आली तेव्हा हे नियम आपोआप मोडले. अंधारात डोळ्यांवर झोत पडला की भेकर जागच्या जागी थिजतं. भेकराच्या मादीला शिंगं नसतात, हीच तिची खूण. पण बॅटरीच्या उजेडात शिंगं दिसत नाहीत, नुसते दोन डोळे चमकतात. डोळ्यांवरून नर की मादी कळत नाही, गाभण आहे का, मागे पिल्लू आहे का, हेही कळत नाही. देशावरच्या माळांवर हेच काम जीपच्या दिव्यांनी केलं. शेकड्यांनी चरणारे काळविटांचे कळप माणसाला पायी गाठता आले नसते. जीप आली, आणि माळ काही वर्षांत रिकामे झाले. प्राणिशास्त्रात काळवीट हरणांच्या कुळातलं नाही, ते गाईगुरांच्या कुळातलं. पण माळावरच्या माणसाला ते हरिणच, आणि मीही त्याला हरिणच म्हणणार.

न बघता मारणं हा जुना गुन्हा आहे. दशरथानं शरयूच्या काठी अंधारात आवाजावर बाण सोडला. हत्ती पाणी पीत असेल असं त्याला वाटलं. तिथे आईबापांसाठी घडा भरणारा मुलगा होता. शब्दवेध ही त्या काळची मोठी विद्या, आणि रामायणातला सगळा शोक त्या विद्येतूनच निघतो. महाभारतातली पंडूची गोष्ट याहून बारीक आहे. किंदम ऋषी हरणाचं रूप घेऊन आपल्या बायकोशी रत झालेले असताना पंडूनं बाण मारला. मरता मरता ऋषी बोलायला लागतो तर पंडू वाद घालतो, की मृगया हा राजांचा धर्मच आहे. ऋषी तो धर्म नाकारत नाही. हरिण मारल्याबद्दल माझी तक्रार नाही, असं तो जवळजवळ म्हणतो. तू क्षण कुठला निवडलास, हे विचारतो. शाप त्या क्षणाला मिळतो. आजच्या शिकारकायद्यांमध्ये जगभर जो विणीच्या हंगामाचा नियम असतो तो यापेक्षा फार वेगळं काही सांगत नाही.

आणि महाशिवरात्रीची गोष्ट तर मराठी घरांत दरवर्षी वाचली जाते. श्रीधरस्वामींनी १७१८ साली बारामतीत पूर्ण केलेलं शिवलीलामृत, त्याचा दुसरा अध्याय. दिवसभर काही न मिळालेला व्याध पाणवठ्याशी बेलाच्या झाडावर चढून बसतो. घरी बायकापोरं उपाशी. नकळत तो बेलाची पानं खाली टाकत राहतो, आणि खाली शिवलिंग असतं. एकेक हरिणी येते, मुदत मागते, पाडसांना भेटून परत येण्याचं वचन देते. शेवटी हरिणही येतो. व्याध सगळ्यांना सोडतो, आणि सगळी परत येतात. कीर्तनकारांचा भर बेलाच्या पानांवर असतो. अजाणता घडलेल्या पूजेचंही केवढं पुण्य, असं सांगून ते पुढे जातात. मला त्यातलं दुसरंच काही सोडवत नाही. त्या रात्री व्याध जागा होता. उपाशी, थंडीनं काकडलेला, धनुष्याला बाण लावलेला, पण जागा आणि तिथे हजर. म्हणून तर हरिणीला त्याच्याशी बोलता आलं. तारेकडे मुदत मागता येत नाही. त्या गोष्टीतली दया भक्तीतून आली की नाही मला सांगता येणार नाही, पण ती जागरणातून नक्की आली. रात्रभर ज्याच्याकडे बघत बसावं त्याला सकाळी मारणं जड जात असणार. लोकांनी तर दोघांनाही आकाशात जागा दिली. मृग नक्षत्रातल्या तीन ओळीतल्या चांदण्या म्हणजे बाण आणि खाली लखलखता व्याध, रात्रीच्या आकाशातला सगळ्यात तेजस्वी तारा. हरणाला मारायला निघालेल्या माणसाला एवढा मान देणारी ही परंपरा शिकारीला सरसकट पाप मानत होती, हे मला पटत नाही.

फासेपारध्यांचा फासाही शेवटी फासाच, असं इथे कुणी म्हणेल, आणि ते बरोबर आहे. पण तो वापरायची रीत पाहावी. खुंट्यांना बांधलेल्या फाशांची लांब ओळ माळावर मांडायची, शिकवलेल्या बैलाच्या आडोशानं वाकून, त्याच्या पावलानं चालत कळपाजवळ जायचं, कळपाला हळूहळू फाशांकडे वळवायचं आणि जनावर अडकलं की धावत जाऊन धरायचं. यात माणूस पूर्ण वेळ तिथेच असतो. हरणाला त्याचा वास येत असतो, त्याला हरणाचा. गाभण मादी सापडली तर सोडून द्यायची, असा रिवाज होता असं जुनी माणसं सांगतात. तो दर वेळी पाळला गेला असेल असं मी मानत नाही; भूक रिवाज मोडते. तरी मोडायला रिवाज होता, हेही खरं.

या माणसांचं पुढे काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे, फक्त सलग कुणी सांगत नाही. १८७१ च्या कायद्यानं इंग्रजांनी जमातीच्या जमाती जन्मानं गुन्हेगार ठरवायला सुरुवात केली, आणि त्या यादीत पारधीही आले. १९५२ मध्ये तो कायदा रद्द झाला. वीस वर्षांनी, १९७२ मध्ये, वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि काळवीट पहिल्या अनुसूचीत गेलं. म्हणजे आधी जात गुन्हा होती, ती सुटली तर पोट गुन्हा झालं. कायदा चुकला असं मी म्हणणार नाही. तो आला नसता तर काळवीट आज आपल्याला मुंजीतल्या अजिनाच्या तुकड्यापुरतंच माहीत असतं. धर्मशास्त्रानं काळवीट जिथे आपोआप चरतं ती भूमी यज्ञाला योग्य मानली आणि त्याचं कातडं बटूच्या अंगावर दिलं, हा विरोधाभास आपण शतकानुशतकं निवांत पचवलाय. पण कायद्याचा हात ज्याच्यापर्यंत सहज पोचतो तो माणूस म्हणजे पालावर राहणारा, ज्याच्या झोळीत फासे सापडतात तो.

राजांची मृगया मात्र ग्रंथात गेली. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर यानं बाराव्या शतकात मानसोल्लास रचला, त्यात राजाच्या करमणुकींमध्ये मृगयेचं सविस्तर वर्णन आहे. कोल्हापूर संस्थानात विसाव्या शतकातही चित्ते पाळून काळविटांची शिकार होत असे. डोळ्यांवर टोपी घातलेला चित्ता बैलगाडीत बसवून न्यायचा. काळवीट गाडीला भीत नाही, कारण गाडी रोजचीच. मग टोपी काढायची. त्यांचे फोटो आजही लोक कौतुकानं बघतात, आणि तिथल्या राजवाड्याच्या संग्रहालयात पेंढा भरलेली जनावरं बघायला शाळांच्या सहली येतात. मीही बघितली आहेत, आणि चित्तेवानांच्या कसबाचं मला खरंच नवल वाटलं. मात्र फासा लावणाऱ्याच्या कसबाचं नवल करणारं संग्रहालय मी पाहिलेलं नाही. पुन्हा गोष्ट इतकी सरळही नाही, कारण याच कोल्हापुरात शाहू महाराजांनी फासेपारध्यांना आसरा दिला, कामं दिली. शिकारीची हौस आणि शिकाऱ्याची कणव एकाच माणसात असू शकते.

एका राजानं शिकार सोडली, त्याचा दगडी पुरावा मुंबईजवळच सापडला. १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजींना सोपाऱ्यात अशोकाच्या शिलालेखाचा एक तुकडा मिळाला. तो नेमका आठव्या लेखाचा होता. पूर्वीचे राजे मृगया आणि करमणुकीसाठी विहारयात्रा करत; मी धर्मयात्रा सुरू केल्या, असं त्यात सम्राट सांगतो. आज नालासोपारा म्हटलं की आपल्याला लोकलची गर्दी आठवते, म्हणून हा योगायोग मला आणखीच आवडतो. पण अशोकाचा मला अधिक जवळचा वाटणारा लेख पहिला आहे, गिरनारला वगैरे सापडलेला. राजाच्या मुदपाकखान्यात पूर्वी रोज लक्षावधी जनावरं मारली जात. आता तीनच मारली जातात, दोन मोर आणि एक हरिण, आणि ते हरिणही नेहमी नाही. पुढे हेही बंद होतील. सम्राटानं प्रजेला सांगायला एवढा हिशेब दगडावर कोरायची काय गरज होती? ‘बंद केलं’ म्हणून मोकळं होता आलं असतं. पण त्या ‘नेहमी नाही’मध्ये मला स्वयंपाकघर ऐकू येतं. कुणीतरी अजून हरणाचं मांस मागत होतं आणि राजा त्याला रोज नाही म्हणू शकत नव्हता. हाच अशोक तेराव्या लेखात रानातल्या टोळ्यांना दम देतो, पश्चात्ताप झालेला असला तरी आपलं बळ शाबूत आहे म्हणून बजावतो. शिकार सोडलेल्या सत्तेचं रानातल्या माणसांशी नातं तेव्हापासूनच अवघड आहे.

न मारण्यातही सगळं पुण्यच असतं असं नाही. सेल्युलर जेल बघायला अंदमानला जाणारी मराठी मंडळी रॉस बेटावर, म्हणजे आताच्या नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीपावर, चितळांबरोबर फोटो काढून येतात. चितळ तिथलं नव्हेच. इंग्रजांनी ते मुख्य भूमीवरून नेऊन सोडलं. त्या बेटांवर वाघ नाही, बिबळ्या नाही, रानकुत्री नाहीत. चितळांनी जंगलातली कोवळी रोपं खाऊन टाकली, आणि जुनी झाडं गेल्यावर त्यांच्या जागी यायला काही उरेना. तिथे चितळाला कुणीतरी मारावं असं मला वाटतं, आणि हे वाक्य लिहिताना माझा हात अडखळत नाही. ते मारणारा माणूस तिथे उभा राहून, कुणाच्या तरी नावावर जबाबदारी लिहून मारणारा असावा, एवढंच.

कारण आपण, जे कधीही बंदूक धरणार नाही, तेही मारतच असतो. रात्रीच्या महामार्गावर आपली गाडी शंभरच्या वेगानं जाते तेव्हा जंगलाच्या पट्ट्यात काय आडवं आलं हे काचेतून नीट दिसतही नाही. पेंचच्या जंगलातून जाणाऱ्या महामार्गाखाली जनावरांसाठी भुयारी वाटा ठेवाव्या लागल्या, त्या बऱ्याच भांडणानंतर ठेवल्या गेल्या, आणि चितळ त्या वापरतात. जिथे अशा वाटा नाहीत तिथे सकाळी पडलेल्या हरणाचा पंचनामा होतो आणि वाहन ‘अज्ञात’ असतं.

वाशीमकडे, कारंजाजवळ, सोहोळचं काळवीट अभयारण्य आहे. अभयारण्याला हद्द आहे, पण काळविटाला हरभरा कळतो. तिथल्या एका शेतकऱ्याबरोबर मी एक रात्र जागलीला बसलो. हिवाळ्यातली रात्र, माळ्यावर घोंगडी, खाली शेकोटी, हाताशी बॅटरी आणि वाजवायला पत्र्याचा डबा. रोही, म्हणजे नीलगाई, आले की आवाजच येतो. काळवीट येतं तेव्हा आधी कळतच नाही. ‘हाकललं का धा पावलं जाते,’ काका सांगत होते, ‘मंग मान वळवून पाहाते, का हा झोपला का जागाच हाये.’ यावर ते स्वतःच हसले. हरणावर त्यांचा राग होता, पण तो रोज भेटणाऱ्या माणसावर असतो तसा.

मी करंटचा विषय काढला. विदर्भात शेताच्या कडेनं उघडी तार ओढून तीत विजेच्या खांबावरचा प्रवाह सोडण्याचे प्रकार सर्रास होतात. रोही मरतात, डुकरं मरतात, वाघ मरतात, आणि पहाटे पाणी द्यायला निघालेली माणसंही मरतात. काका शेकोटीत काटकी सारत म्हणाले, ‘लावतो म्हटलं तं आजच लावतो, भाऊ. खांबावर आकडा टाकला का झालं. मंग मानूस घरी जाऊन मस्त झोपते. पन सकाळी वावरात काय पडलं असन, ते पाहाले कोन जाईन?’

त्यांनी अहिंसेचा शब्द काढला नाही, कायद्याचाही नाही. शासन पिकाची भरपाई देतं, पण त्याआधी पंचनामा, आणि पंचनाम्यात कोणत्या जनावरानं खाल्लं ते लिहावं लागतं. रात्री खाऊन गेलेल्याचं नाव दुपारी खुरांवरून ठरतं. रोही आणि रानडुक्कर मारायची परवानगी मागता येते, पण परवानगीबरोबर बंदूक येत नाही, आणि आली तरी चालवणार कोण? काळविटाच्या बाबतीत तर तो प्रश्नच उद्‌भवत नाही. उरतं झटका मशीन. सौरऊर्जेवर चालतं, तारेला शिवलं की जनावराला हिसका बसतो, मरत नाही. शासनाचं अनुदानही आहे. काकांनी अर्ज केला होता, यादीत नाव लागलं नव्हतं.

जागलीला माणूस मिळत नाही, हे त्यांचं खरं दुखणं. आधी दोघं भाऊ पाळीपाळीनं बसायचे, भाऊ थकला. मुलगा पुण्यात कंपनीत रात्रपाळी करतो. ‘तोबी रातभर जागतेच,’ काका म्हणाले, ‘पन दुसऱ्याच्या मालासाठी.’ तेवढ्यात शेताच्या खालच्या अंगाला काहीतरी खसखसलं आणि ते बोलता बोलता उठले, डबा बडवत धुऱ्यावरून पळत गेले. परत आले तेव्हा धाप लागली होती. पाच-सहा होते, दिसले, गेले, म्हणाले. मग पुन्हा यादीवर आले. ‘मार्चलोक नंबर लागला तं बरं. नाही तं पुढच्या साली हरभरा पेरावं का नाही, तेच पाहा लागन.’